सुलतानचा मालक

"कुत्रा नाई देत जी. काय करायचं ते करा," बुधरी म्हणाली आणि कुत्र्याची दोरी मनगटाला गुंडाळून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसली ती बसलीच.

समोर धनराज उभा होता. गावातली राईस मिल त्याची, मिलीसमोरची पांढरी गाडी त्याची आणि आवाजही त्याचाच. त्याला नाही म्हणायची सवयच गावाला राहिली नव्हती. बुधरीनं मात्र या आठवड्यात चौथ्यांदा म्हटलं होतं.

"बुधरीबाई, कुत्रा माह्या आहे. सुलतान नाव त्याचं. पिल्लू होता तवा नागपूरवरून आणला मी."

"तुमचाच कायवरून? असं कोणीबी म्हणन."

"त्याच्या अंगात चिप आहे!"

गर्दीतलं कोणीतरी हसलं. धनराजनं तिकडे डोळे वटारले. "हसता काऊन? धानाच्या दाण्याएवढी असते. मानेच्या कातड्याखाली टोचतात. मशीन लावलं का नंबर दिसते."

"मंग लावा मशीन," बुधरी म्हणाली. "पण इथीच, साऱ्या गावासमोर. आन् वारलूभाऊ लिहून घेतीन."

पोलीस पाटील वारलूनं चष्मा पुसला आणि कागद काढला.

खरं तर म्हातारीचं काय चुकत होतं? गेल्या हंगामात, दिवाळीच्या तोंडावर धान कापणीला आलं असताना तिचा एकुलता एक मुलगा सुनिल रात्री धानाच्या शेतावर, बांधीवर गेला आणि घरी आलाच नाही. रानडुकरासाठी कोणीतरी विजेच्या लाईनवरून आकडा टाकून तार सोडली होती, तिला चिकटला. तार कोणाची, ते कोणी सांगेना. कागदावर 'अज्ञात इसम' असं लिहून साहेब लोक निघून गेले. पुढे आठवडाभरानं तिच्या दारात हा उंच, तांबूस कुत्रा दिसायला लागला. पोरगं गेलं म्हणून देवानं सोबत धाडली, असं बायका म्हणत. बुधरी होही म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे. स्वतःच्या पानातली अर्धी भाकर मात्र रोज त्याला घाली. कुत्रा डावा पाय ओढायचा, तर महिन्याभरापूर्वी त्याला घेऊन ती सिंदेवाहीच्या जनावरांच्या डॉक्टरकडेही जाऊन आली.

एक गोष्ट मात्र तिनं केली नव्हती. पाच महिन्यांत त्याला नाव ठेवलं नव्हतं.

पाच महिने परसात असलेला कुत्रा या आठवड्यात धनराजच्या नजरेस पडला. त्यानं आधी दोन पोती तांदूळ देऊ केले. मग दमदाटी केली. शेजारची मयुरी काकुळतीला येऊन म्हणाली, "काकी, कुत्र्याले मार्कंडा गावच्या तुह्या बहिणीकडे धाडून दे ना वं. हा माणूस खराब आहे." बुधरीनं ऐकलं तर शपथ! दुसऱ्याच दिवशी तिनं कुत्रा परसातून काढून रस्त्याकडच्या खुंटाला बांधला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. अशी जिद्दी बाई.

सिंदेवाहीच्या त्याच डॉक्टर रंजीता यंत्र घेऊन पुढे आल्या. शोधाशोध न करता त्यांनी ते थेट कुत्र्याच्या खांद्यांच्या मध्ये टेकवलं. टिक् झालं. त्यांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला. धनराजनं खिशातलं लसीकरणाचं पुस्तक उघडलं, त्यावर चिकटवलेला नंबर दाखवला. पंधराच्या पंधरा आकडे जुळले.

"नावबी सांगते का जी हे मशीन?" बुधरीनं विचारलं.

"नाव नोंदवावं लागतं. यांनी तो फॉर्मच भरला नाही. त्यामुळे नंबर आहे, पण नाव कुठेच नाही. हे पुस्तक आलं नसतं तर मालक कोण ते कळलं नसतं."

"फॉर्म भरायले टाइम कोणाले आहे मॅडम?" धनराज हसला. "आता तरी दे म्हातारे!"

पण बुधरी कसली ऐकते! "पुस्तक तुमचं असन. कुत्रा तुमच्या भावानं वागवला असन, मिलीतल्या मजुरानं वागवला असन. हरवला तवा कोणापाशी होता, का मालूम!"

आता मात्र धनराजचं डोकं फिरलं. "माह्या कुत्र्याले माह्या भाऊबी हात लावत नाई! माह्याशिवाय हा कोणासोबत एक पाऊल टाकत नाई. दिवाळीच्या तोंडावर माह्याच हातातून सुटला. दोरीसकट पळाला, तवापासून शोधून राह्यलो मी. समजलं?"

"समजलं. लिहा जी वारलूभाऊ, जसं बोलले तसंच."

वारलूनं लिहिलं, वाचून दाखवलं. धनराजनं झोकात सही ठोकली. साक्षीला डॉक्टरांची सही झाली.

"सुलतान!" त्यानं हाक मारली. कुत्र्याचे कान उभे झाले. शेपटी हलली. तो लंगडत धनराजच्या पायाशी गेला आणि त्याचा हात चाटू लागला. मयुरीनं पदर डोळ्यांना लावला. म्हातारीचं उरलंसुरलंही गेलं, असंच साऱ्यांना वाटलं. फार वाईट वाटलं.

धनराजनं दोरीसाठी हात पुढे केला. बुधरी उठली. दोरी तिनं सोडली नाही.

"सोड ना आता! कागद झाला ना?"

"झाला. पाच महिने याच कागदाची वाट पाहून राह्यली होती मी." ती वारलूकडे वळली. "वारलूभाऊ, खाली अजून एक ओळ लिहा जी. माह्या सुनिल तारेपाशी मरून पडला होता, त्या सकाळी हा कुत्रा गळ्यातल्या याच दोरीसकट त्याच्या उशाशी बसून होता."