डावा स्पीकर

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्याने उजवा हात वर केला. वाजत होता डावा स्पीकर.

"बघा," तो डोळे मिटूनच म्हणाला. "सांगत होतो ना? सगळा आवाज उजवीकडूनच. वायरी चुकीच्या जोडल्यात तुम्ही."

मेकॅनिक आठवड्यात दुसऱ्यांदा आला होता. नव्या होम थिएटरचा सगळा आवाज एकाच बाजूने येतो, अशी तक्रार होती. मेकॅनिकची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाला सोफ्याच्या मधोमध डोळे मिटून बसवायचं, एकेका स्पीकरमधून खरखर सोडायची आणि आवाज येईल त्या बाजूचा हात वर करायला सांगायचा. पहिल्या दिवशी घाईत ते राहून गेलं होतं.

त्याने अँप्लिफायर पुढे ओढला. तांबड्या खुणेची वायर तांबड्या खाचेत होती, काळी काळ्या खाचेत. तरीही त्याने डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली.

"पेटी आधीच फोडलेली होती का हो?" घरमालकाने विचारलं.

"साहेब, तुमच्या समोर फोडली. चिकटपट्टी तुम्हीच तपासलीत. दोनदा."

"तपासावी लागते. हल्ली कोण कुठे खोटं बोलेल, सांगता येत नाही."

घरमालक एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवत असे. बारा दिवसांपूर्वी तिच्या चाकाखाली एका हमालाचा पाय सापडला. हमालाचं म्हणणं, मी डावीकडून दोनदा ओरडलो, थांब म्हणालो. याचं म्हणणं, हाक आलीच नाही. याची नोकरी एकोणीस वर्षांची, नोंद स्वच्छ. जबाब लिहून झाला, त्याने सही केली. इशारा न देता गाडीच्या वाटेत शिरल्याबद्दल हमालाला कामावरून काढायचं की नाही, हे दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ठरणार होतं. तोवर याला घरी बसायला सांगितलं होतं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ते दार सोफ्याच्या डाव्या हाताला होतं. नवरा काहीतरी लपवतोय, असं तिला तीन महिने वाटत होतं. ती इथून बोलली की उत्तर येत नसे. फोन आला की तो आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेई. पंख्याचं निमित्त करून त्याने पलंगावरची जागाही बदलली होती. आदल्या दिवशी जेवताना तिने धीर करून विचारलं होतं, "खरंच ओरडला नाही तो?" त्यावर ताट सरकवून तो म्हणाला होता, "म्हणजे आता तूही?"

"डोळे मिटा," मेकॅनिक म्हणाला.

या वेळी खरखर उजव्या स्पीकरमधून आली. उजवा हात वर गेला.

मेकॅनिकने वायरी पुन्हा पहिल्यासारख्या केल्या. खरखर डावीकडून आली. पुन्हा उजवाच हात.

"अजून तसंच आहे," घरमालक म्हणाला. "आता काय, माझ्याकडूनच पास करून घेणार का माल?"

मेकॅनिक उठला आणि पाय न वाजवता डाव्या स्पीकरपाशी गेला. त्याने तळहात जाळीवर ठेवला. जाळी थरथरत होती. त्याने दाराकडे पाहिलं. बायकोने मान हलवली. तिला आवाज तिथूनच येत होता.

"साहेब, आता एक करा. उजव्या कानात बोट घाला. घट्ट."

त्याने कंटाळून बोट घातलं.

खरखर चालूच होती. मेकॅनिकने ती वाढवली. खिडकीची काच वाजू लागली. सोफ्यावरचा माणूस डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून वाट पाहत राहिला.

"लावताय ना?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. त्याचा आवाज गरजेपेक्षा बराच मोठा होता.

मेकॅनिकने अँप्लिफायर बंद केला. पावतीवर त्याने दोनच ओळी लिहिल्या : वायरी बरोबर आहेत. स्पीकर चांगले आहेत. खाली सहीची जागा सोडली, पावती सोफ्यावर ठेवली आणि पिशवी उचलली. "कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, वहिनी," एवढंच तो दारात हळू म्हणाला.

नवऱ्याने पावती दोनदा वाचली. पेन हातात घेतलं, सही मात्र केली नाही. बोट घातलेला कान अजून लाल होता.

बायको दारातून दोन पावलं पुढे आली. "अहो," ती म्हणाली, "तो ओरडला असेल का हो?"

त्याने मान वर केली नाही.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना ती सोफ्याला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली, आणि तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला.