हद्दीबाहेरचं पाणी

“पोरी, हे आपल्या हद्दीतलं काम नाही,” खासदार अमृतराव म्हणाले आणि त्यांनी कपातला चहा बशीत ओतला.

हिंगोलीच्या विश्रामगृहात सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. कुणाला बदली हवी होती, कुणाला वस्तीवर हातपंप. जिल्ह्यातल्याच गोरेगावहून जीपनं आलेली रागिणी मात्र समुद्रापलीकडच्या देशातले टँकर बंद करा म्हणत होती. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी बस म्हटलं तरी बसत नव्हती. तिच्यामागं तिचा बाप रामकिशन भिंतीला चिकटून उभा होता. आयुष्य मेंढरांमागं गेलेलं; एवढ्या गुळगुळीत फरशीवर पाय कुठं ठेवावा हेच त्याला कळेना.

तिचा भाऊ प्रभू आखातात एका अरबाची मेंढरं राखायला गेला होता. माळावरच्या डबक्याचं पाणी पिऊन कळप मेला, आणि मेंढरांना विष घातलं म्हणून मालकानं तक्रार करून प्रभूलाच तुरुंगात टाकायला लावलं होतं.

“साहेब, तिथल्या एका कंपनीचे टँकर अंधारात येतात अन् कारखान्याचं सांडपाणी तिथं सोडून जातात,” रागिणी म्हणाली. “सकाळी बघावं तर डबकं नितळ. माणसाला काय कळणार? आपल्या भागातली कितीतरी पोरं तिथं मेंढरं चारून राहिलीत. तुमी दिल्लीत बसता. संसदेत विचारा.”

“विचारतो की. पण तिथला मंत्री काय मला उत्तर देणार आहे?”

अमृतराव माणूस वाईट नव्हते. निवडणूक नसतानाही त्यांनी दिल्लीला फोन लावला होता, म्हणजे बघा. आता त्यांनी आवाज खाली आणला.

“वकिलातीशी बोलणं झालंय. प्रभूनं चूक कबूल करायची, माफी मागायची. मालक तक्रार मागं घेईल आणि पोरगं घरी येईल. पण तू टँकरचं काढलंस, की कंपनी वकील उभा करणार. मग केस लोंबकळत राहील. तूच सांग बाई, भाऊ पाहिजे का टँकर?”

हातपंपवाले आपला हातपंप विसरून तिच्याकडं बघू लागले.

“व्हय म्हण, रागे,” रामकिशन मागून म्हणाला. “पोरगं येऊ दे.”

“आबा, त्यानं कबूल केलं की टँकरवाले सुटले. मग ते काहून थांबतील?”

“तिथली तकलीफ तिथले लोक बघतील. आपल्याला आपलं लेकरू पाहिजे.”

रागिणीला संताप आला होता आणि भीतीही वाटत होती. एक गोष्ट तिनं बापापासून दडवली होती. ती सांगितली तर खासदारांचं तोंड बंद झालं असतं, पण बाप तिथंच खचला असता.

“आणि पुरावा काय?” अमृतरावांना आता विषय मिटवायचा होता. “पाणी कुणी तपासलं? उद्या ते म्हणतील, तुमच्याच माणसानं आळस केला. दिसलं डबकं, सोडली मेंढरं.”

हे मात्र रामकिशनला झोंबलं. भिंत सोडून तो थेट टेबलापाशी आला.

“असं न्हाई होत, साहेब. माझ्या पोराला मी बराबर शिकवलंय. नवं पाणी दिसलं की पयलं आपुन प्यायचं. ओंजळ भरून प्यायचं. गोड लागलं तरच कळप सोडायचा. मुकं जनावर हाये ते, त्याला काय समजतं? त्याच्या आधी धनगरानं...”

तो बोलता बोलता थांबला. कुणी त्याला थांबवलं नव्हतं.

त्यानं लेकीकडं पाहिलं. “रागे, प्रभूनं पेलं का ते पाणी?”

“डोंगरकडा गावचा गुलाबचंद तिथून सुट्टीवर आलाय, प्रभूला जेलात भेटून. त्याला भेटले मी.”

“पेलं का?”

“व्हय. गोड लागलं म्हणे.”

“मंग?”

“तोंड सुजलंय. पाय बी. लघवीतून रगत जातंय.” एवढं बोलून रागिणी खुर्चीवर बसली. “दवाखान्यात न्हाई नेत त्याला. त्यांला वाटतं, सोंग करून राहिला.”

अमृतरावांना खरंच वाईट वाटलं होतं. पण वर्षानुवर्षांची सवय अशी जात नाही. वाईट वाटलं तरी त्यांना सोपा रस्ताच आधी दिसला.

“मामा, मग तर माफीचंच करू,” ते म्हणाले. “लवकर सुटेल. इथं आणून दाखवू डॉक्टरला. आत्ताच्या आत्ता फोन लावतो.”

त्यांनी फोन उचलायला हात पुढं केला. रामकिशननं तो हात वरच्यावर धरला. खासदाराचा हात धरायचा नसतो, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. दारातला पोलीस पुढं सरकला, तसं अमृतरावांनीच त्याला मानेनं थांबवलं.

“माफी कशाची?” रामकिशन म्हणाला. खासदारांचा हात त्यानं अजून सोडला नव्हता. “त्याला दवाखान्यात न्यायला सांगा. त्याचं रगत तपासायला लावा. पुरावा मागितला ना तुमी? पुरावा जेलात हाये, साहेब. जिता हाये तवर तपासून घ्या.”