सात नंबरचा वाफा

शीला मॅडमनी पालकाची जुडी नाकाशी धरून हुंगली, मान डोलावली, पण हो काही म्हणाल्या नाहीत. बाकीची सगळी कुटुंबं पैसे भरून मोकळी झाली होती. हे एकच उरलं होतं, आणि नेमकं तेच अडून बसलं होतं.

"घरी बोलून कळवतो," मिलिंद म्हणाले. शीला मॅडमचे मिस्टर. बदलापूरला राहणारे, मुंबईत बँकेत नोकरीला. "वांगणीलाही एक बघून ठेवलंय. तिथे जरा स्वस्त पडतं."

इंदुबाईंनी पोराकडे पाहिलं. संतोष तिकडे बांधावर मोबाईल कानाला लावून उभा. कामाच्या वेळी हा नेहमी असाच.

आता ही सगळी धडपड कशासाठी, तर जमिनीसाठी. गेल्या उन्हाळ्यात संतोषने शेत विकायचं काढलं होतं. आपल्या चामटोलीतले अर्धे लोक विकून मोकळे झाले, आपणच काय घोडं मारलंय, म्हणाला. इंदुबाईंनी जेवण सोडलं. नवरा, हिंदुराव, गेले तेव्हा इंदुबाईंनी सातबाऱ्यावर आपलं नाव लागू दिलं नव्हतं, सगळं पोराच्या नावावर केलं होतं. ते काय याच्यासाठी? शेवटी पोरगं मऊ पडलं. महिन्याभराने तेच ही सेंद्रिय भाजीची योजना घेऊन आलं. शहरातल्या माणसांनी आधीच पैसे भरायचे, प्रत्येकाचा वाफा वेगळा, दर रविवारी यायचं आणि बिनफवारणीची भाजी पिशवी भरून न्यायची.

"सगळे वाफे लागले ना आई, की जमिनीचा प्रश्न कायमचा मिटला," तो म्हणाला होता. त्या दिवशी त्यांचा जीव भांड्यात पडला.

आणि पोरगं झटून कामाला लागलं, हे खोटं नाही. गाड्या शेतापर्यंत याव्यात म्हणून मुरूम टाकला. विहीर उपसली, पाणी तपासायला पाठवलं. चुन्याच्या रेघा मारून वाफे आखले, कोपऱ्यांवर नंबराचे खुंट ठोकले. एका घराला एवढा मोठा वाफा कशाला, असं इंदुबाईंनी विचारलं, तर म्हणे शहरातल्या लोकांना ऐसपैस लागतं. सातचा खुंट तर त्यांच्या खोपटाच्या मागेच आला. तो सरकव म्हटलं, तर नंतर बघू म्हणाला. हळद नको, शेवगा नको, झटपट निघेल ते लाव. मेथी, मुळा, पालक. सभासदांना धीर नसतो म्हणे. इंदुबाईंना हे पटलं. दर रविवारी इंडिका, मारुती यायच्या, माणसं रेघांवरून फिरायची, पोतंभर भाजी हसत न्यायची. इतकी माणसं तर हिंदुरावांच्या वेळी कापणीलाही जमली नव्हती.

आणि आता हे दोघं वांगणीला जायचं म्हणत होते.

"पावसात पाणी साचतं का हो इथे?" मिलिंदनी विचारलं.

माणूस बँकेतला असून शेतीतलं कळतं याला. इंदुबाईंना बरं वाटलं. "खालच्या अंगाला साचतं साहेब, खोटं कशाला बोलू. पण तुमच्या सातला थेंब थांबत नाय. उतार हाय ना."

"उन्हाळ्यात विहीर आटते?"

"लग्न होऊन आले तवापास्नं आटलेली बघितली नाय."

शीला मॅडम हळूच म्हणाल्या, "आमच्या पायलला दमा आहे, मावशी. आधी अंबरनाथला कारखान्यांच्या बाजूला राहायचो. रात्र रात्र बसून काढलीय तिने. म्हणून हे सगळं. पण मनाची काही तयारी होत नाही."

इंदुबाईंना एकदम वाईट वाटलं. तोवर त्यांना ही बाई नुसती चिकित्सक वाटत होती. त्यांनी दोघांना खोपटात नेलं, चुलीपुढे पाट दिले, तव्यावरची भाकरी आणि मेथीची भाजी वाढली.

"हितं कायम वारा असतो बघा," त्या म्हणाल्या. "सकाळचं ऊन या दारातनं येतं, दुपारी आंब्याची सावली. माझ्या सासऱ्यांना बी दमा होता. या चुलीमागं खाट टाकून झोपायचे. शेवटपर्यंत बाहेरचं औषध लागलं नाय. आना पोरीला. वांगणीला काय हाय? माझ्यावर इश्वास ठेवा."

शीला मॅडमनी घास तसाच हातात धरला. डोळे भरून आले होते त्यांचे. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि मिलिंदनी तिथल्या तिथे संतोषला हाक मारून चेक लिहिला.

"आई," संतोष त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू तर माझ्यापेक्षा भारी निघालीस." आणि तो गाडी वळवायला साहेबांबरोबर बाहेर गेला.

इंदुबाईंना रडावं की हसावं कळेना. शेत वाचलं होतं, आणि ते त्यांनी वाचवलं होतं. यंदा कोण काय म्हणतो ते न ऐकता त्या आंब्याखाली हळद लावणार होत्या. त्यांनी पिशवीत पालक भरला, वर दोन मुळे जास्त टाकले.

शीला मॅडम निघता निघता दारात थांबल्या. वाकून त्यांनी इंदुबाईंना नमस्कार केला.

"तुमच्या शब्दावर घेतला हो प्लॉट, मावशी. संतोषभाऊ म्हणाले, दिवाळीनंतर तुम्ही फ्लॅटवर राहायला जाणार. जाताना एवढी ही चूल मात्र पाडू नका. आमच्या बंगल्यात पायलची खोली बरोबर इथे काढायची आहे, खूण राहील."