डाव्या हातावरचं दही

"दुसऱ्या वेळेला कोर्ट दयामाया दाखवत नाही, सरोजिनीताई," श्रीकृष्ण वकील म्हणाले. "बंदमध्ये बस जाळली, कंडक्टर भाजला. त्यात मयंकला आधीची शिक्षा आहे. सात-आठ वर्षं तरी जातील."

मयंक सरोजिनीबाईंचा थोरला. दोन वर्षांपूर्वी, ध्रुवच्या बारावीच्या ऐन परीक्षेत, मयंकनं अशीच बस पेटवली होती. स्वतःच चौकीत जाऊन गुन्हा कबूल केला आणि वर्षभर आत राहिला. परवा पुन्हा बस जळली. पोलीस सरळ घडियाळी पोळातल्या त्यांच्या घरी आले आणि त्यालाच घेऊन गेले. आता तो तोंड उघडायला तयार नव्हता. मेली ती बंदवाली पार्टी, दोन्ही पोरांना नादी लावलं तिनं!

"आणि पहिलीच वेळ असेल तर?"

"कोवळं वय, पाटी कोरी. थोडक्यात निभावतं." वकिलांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे धाकटा ध्रुव कॉम्प्युटर क्लासचं पुस्तक उघडून बसला होता.

ते गेल्यावर बाईंनी ध्रुवपुढे पदर पसरला. "भावासाठी एवढं कर रे. तू केलंस म्हणून सांग."

"जातो ने, आई. रडू नको."

इतक्या पटकन! बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

निघताना त्यांनी दही-साखर आणली. ध्रुवनं डावा हात पुढे केला.

"अरे, डाव्या हातावर दही कुणी घेतं का?"

"उजव्याला इस्त्रीचा चटका बसलाय." पट्टी बांधलेला हात त्यानं मागेच ठेवला.

बाईंनी डाव्या तळव्यावर दही घातलं. निष्पाप लेकराला बळी देताना शकुन तरी कसला बघायचा?

चौकीत ध्रुवनं धडाधड सांगितलं. बाटली कुठून आणली, बसच्या कुठल्या खिडकीतून फेकली, कुठल्या गल्लीतून पळाला. वकीलसुद्धा चाट पडले. बाईंनीही साक्ष दिली, ध्रुवच्या कपड्यांना रॉकेलचा वास येत होता म्हणून.

पुढच्या आठवड्यात मयंक सुटून घरी आला. त्याला पाहताच बाईंचा बांध फुटला.

"तुझ्यापायी माझं गुणी पोर आत घातलं मी! जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले!"

मयंक उंबऱ्यावरच बसला.

"तू खोटं काही बोललीच नाहीस, आई. या वेळी मी गप्प राहून वाट बघत होतो, तो स्वतःहून जातो का. मागची बससुद्धा त्यानंच जाळली होती. तेव्हा त्याची बारावी होती, म्हणून मी गेलो."