दिवसा काढलेली रात्र

सकाळचा चहा झाल्याबरोबर ड्रायव्हरने बायकोला अंगणात उभ्या असलेल्या गाडीत नेऊन झोपवलं, तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली आणि यंत्राची वायर गाडीतल्या नव्या बॅटरीला जोडली. यंत्र घुरघुरायला लागलं.

"आता रात्र झाली असं समज," तो म्हणाला.

"तुमच्या रात्रीचा उजेड डोळ्यांवर येतोय."

त्याने पडदे ओढून घेतले.

अट लेकीची होती. आईचं यंत्र घरातल्या विजेशिवाय अख्खी रात्र चाललं तर खुशाल समुद्राकडे जा, नाही तर ती बिछान्याची आणि शेगडीची गाडी विकून मोकळे व्हा. गिऱ्हाईकही तिने बघून ठेवलं होतं. तिचं चुकत होतं असं कुणी म्हटलं नसतं. मागच्या खेपेला वाटेतल्या मुक्कामातच जुन्या बॅटरीने उजाडायच्या आत मान टाकली होती, आणि ड्रायव्हरने गाडी पळवत थेट दवाखान्याच्या दारात नेली होती.

जुनी बॅटरी शिशाची. उचलायला दोन माणसं लागायची आणि आतली वीज वापरायची जेमतेम अर्धी. त्याच्या खाली वरचेवर उतरवली की ती कायमची बसायची. नवी होती लिथियमची. वजनाने निम्म्याहून कमी, आणि दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे जवळजवळ तळापर्यंत वापरता येणारी. ड्रायव्हरने ती एकट्याने उचलून बाकाखाली सरकवली, तेव्हा बायको मागे उभी राहून कंबर सांभाळा म्हणत होती. एकच गोष्ट त्याला खटकली होती. जुनी दमायला लागली की दिवा पिवळा पडायचा, माणूस सावध व्हायचा. ही म्हणे शेवटपर्यंत तशीच उजळ राहते आणि मग एकदम बंद पडते. म्हणून तो बॅटरीच्या मीटरसमोर ठाण मांडून बसला.

नोकरीभर त्याने बस समुद्रापर्यंत नेली होती. शेवटचा थांबा आला की लोक हसत-खिदळत वाळूकडे पळायचे आणि हा बस वळवून माघारी निघायचा. तिथला सूर्य बुडताना त्याने कधी पाहिलाच नाही. त्या थांब्याच्या पुढे एक मोकळं माळरान होतं, विजेचा खांबसुद्धा नसलेलं. निवृत्त झाल्यावर गाडी घेतली ती तिथे दोन दिवस जाऊन राहायला. मग बायकोची फुफ्फुसं बिघडली आणि जाणं राहूनच गेलं.

दुपारी त्याने तिचं जेवण गाडीतच आणलं. तिने चार घास खाऊन ताट बाजूला सारलं. मीटरवरचा आकडा अगदी सावकाश उतरत होता आणि ड्रायव्हरला बोलण्याची हुक्की आली होती. गाडीचं तोंड कुठल्या बाजूला करायचं, खुर्च्या कुठे टाकायच्या, वारा सुटला तर आडोसा कसा करायचा, सगळं त्याने सांगून टाकलं. ती नुसती मान हलवत होती. झोप येत असेल, असं त्याला वाटलं.

ऊन कललं. त्याच्या हिशेबाने आता मीटर तळाशी यायला हवा होता. तो अजून अर्ध्याच्या वर होता. ड्रायव्हर आधी खूश झाला, मग अस्वस्थ. दुकानदाराने सांगितल्यापेक्षा जास्त चाललेली वस्तू त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याने मीटरवर टिचकी मारली, वायर हलवून बघितली. सगळं ठीक होतं. मग त्याने पडदा सारला आणि यंत्रापाशी वाकला.

डॉक्टरांनी हवा दोनवर ठेवायला सांगितली होती. बटण एकवर होतं. हवा कमी, तशी यंत्राची भूकही कमी.

"हे कधी केलंस?"

"तुम्ही पडदे ओढलेत तेव्हाच."

त्याने बटण दोनवर आणलं, वायर बॅटरीतून काढून खिडकीतून घरातल्या प्लगात लावली. यंत्राचा आवाज जड झाला. ती हळूहळू, मध्ये थांबत सांगायला लागली की एकवर तिला चालतं, सवय होते, आणि दोनच तर रात्री काढायच्या आहेत; लेकीला काही कळवू नका. त्याने तिचा हात हातात घेतला. नखं निळसर पडली होती.

"मग काय, नापास?" तिने विचारलं.

"बॅटरी पास झाली. नापास तू झालीस."

ती हसली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत तो थांबला. मग एका हाताने त्याने लेकीला फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं, बटणासकट. दोनवर ठेवलं तर एक बॅटरी रात्रीला पुरेल याची खात्री नाही, असंही सांगितलं. अशा दोन बसवल्या तरी त्यांचं वजन जुन्या एकीपेक्षा कमीच भरेल, गाडीला काही जड नाही, हे मात्र त्याने दोनदा सांगितलं.

"दुसरी आणा," लेक म्हणाली. "गिऱ्हाइकाला मी थांबवते. पण पुढच्या वेळी आईच्या उशाशी मी बसणार."

फोन ठेवल्यावरही ड्रायव्हरने बायकोचा हात सोडला नाही. आधी अंगठ्याच्या नखाचा रंग पालटला. बाकीच्यांची तो वाट बघत राहिला.