चौथी ओळ

धाकट्या लेकीचं, रोझचं लग्न झालं, त्या वर्षीच्या मे महिन्यात नेब्रास्कातल्या एमिल कोसेकचं मका पेरायचं जुनं, चार ओळींचं पेरणीयंत्र बिघडलं. तीन ओळी नीट पडत होत्या. चौथीत मात्र कुठे दोन-दोन दाणे एका जागी, तर कुठे हातभर काहीच नाही.

थोरली लेक व्लास्ता गुडघ्यांवर बसून चमच्याने माती उकरत होती. एमिल ट्रॅक्टरवरून उतरला.

"साखळीच असणार. नाहीतर बियाणं. हल्ली दाणे कुठे एकसारखे देतात."

"बियाणं चारही पेट्यांत एकच आहे, बाबा."

"मग साखळी."

तिने साखळी चाचपली. चांगली होती. मग तिने चौथी पेटी उचलली. तळाची, खाचांतून एकेक दाणा खाली सोडणारी चकती उलटी बसली होती.

चकत्या बसवायचं काम एमिलचं. खाचेची उतरती कड बोटाने चाचपून, न बघता बसवायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

व्लास्ताने वर पाहिलं. बाप भलतीकडेच बघत होता. तिने चकती सुलटी केली, पेटी बसवली.

"साखळीची एक कडी अडकत होती."

"मी काय म्हणत होतो," एमिल म्हणाला, आणि चांगल्या साखळीला तेल घालत बसला.

मका वर आला. आधी पेरून झालेल्या पट्ट्यात चौथी ओळ तुटक-तुटकच उगवली. तिकडे रविवारी चर्च सुटलं, की लोक गाड्या हळू चालवत, एकमेकांच्या ओळी बघत घरी जातात. एमिलच्या ओळीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. बापलेक कुंपणाशी उभे असताना शेजारच्या लाद्याने गाडीची काच खाली केली.

"काय रे एमिल, चौथ्या ओळीचे दात कधी पडले?"

"चकती मी बसवली होती, काका," व्लास्ता म्हणाली. "उलटी बसली."

"पोरीच्या हाती दिलंस होय!"

"तिच्या हाती दिलं असतं तर नीट उगवलं असतं," एमिल म्हणाला. "मी बसवली ती. बोटांना आता कळत नाही."

लाद्याने काच वर केली. गाडी गेली.

घरी आल्यावर एमिलने शेडमधून एक चकती आणून लेकीच्या हातात दिली.

"डोळे मीट. आता सांग, कड कुठल्या बाजूला?"

एमिल कोसेक त्याच वर्षी, मका काढून झाल्यावर, नाताळच्या आधी वारला.