गुलामाचं नाव

एतिएन मोकळ्या कबरीत आडवा झाला, हात उशाला घेतले आणि ओरडला, "ही जागा भरली! तुमच्या मढ्यासाठी दुसरी खणा!"

कबरीभोवती जमलेलं गाव खो खो हसलं. गोरखचिंचेवरची गिधाडं उडाली. दोन तर हसता हसता खाली पडली.

सामो जमातीनं मोसी जमातीला थट्टेनं छळायचं, मोसीनं सामोला, हे आजे-पणजे ठरवून गेलेत. रागवायचं कुणी नाही. मोसीच्या मयतीला सामोनं थट्टा केल्याशिवाय माती पडत नाही. एतिएन सामो, मेलेला तिंगा मोसी. चाळीस वर्षं दोघं एकमेकांना 'गुलामा' नाहीतर 'कुत्राखाऊ' अशीच हाक मारत. एतिएनच्या तोंडून तिंगाचं नाव गावात कुणी ऐकलं नव्हतं.

"त्याची नक्कल कर की!" बायका ओरडल्या.

एतिएननं तिंगाची टोपी चढवली, एक खांदा पाडला आणि नाकातून बोलू लागला. ज्वारीच्या दारूचा फेस तिंगा कसा फुंकायचा, फुकटचा दुसरा कटोरा कसा मागायचा, सगळं दाखवलं. एका म्हातारीचा उरलेला एकुलता दात हसताना निखळला.

"बुधवारी आला होता ना तुझ्याकडे? ते दाखव!"

 एतिएननं छातीवर हात ठेवला. "एतिएन, छातीत फार दुखतंय रे," तो तिंगाच्या आवाजात म्हणाला.

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, गुलामा, चोरलेल्या शेंगा अडकल्या असतील. पाणी पी नि घरी जा." हशा उसळला. "तोही हसला. घरी गेला. आणि मग गेलाच."

 आपल्याच तोंडून निघालेला तो आवाज एतिएनच्या कानात घुमत होता. गुलामा नाही. कुत्राखाऊ नाही. एतिएन. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आणि बुधवारी ते त्याला ऐकूच आलं नव्हतं.

तो रडू लागला.

"वा! काय सोंग आणलंय!" गाव आणखी हसलं. त्यानं कबरीच्या भिंतीवर डोकं आपटलं. लोक पोट धरून लोळले. "अरे, खरंच रडतोय मी, गाढवांनो!" तो किंचाळला. त्यावर तर ढोलवाल्याच्या हातून ढोल सुटला आणि उतारावरून गडगडत गेला.

तिंगाची बायको पोको कडेवरून वाकली. तीही डोळे पुसत हसत होती. "भावजी, पुरे आता. या वर. थट्टेच्या मानाची कोंबडी देते."

"कोंबडी नको, वहिनी. दुखतंय म्हणाला होता तो. मी थट्टा केली."  त्यानं टोपी काढली, छातीशी धरली आणि जमिनीला तोंड लावून हाक मारली.

"तिंगा."

गावाचं हसू जिथल्या तिथे थांबलं.